केळीच्या कमळातून केळीचं रोप

यावल-रावेर पट्ट्यात केळीचा बाग निसवला आणि घडाच्या सगळ्या फण्या मोकळ्या झाल्या, की खाली लोंबणारं कमळ, म्हणजे केळफूल, कापून टाकतात. ते राहू दिलं तर घडाचं अन्न ओढतं. कापलेली कमळं बांधावर पडतात. थोडी भाजीला घरी जातात, थोडी गुरं खातात, बाकीची तिथेच वाळतात. जळगाव जिल्ह्यातल्या एका प्रयोगशाळेत मी जे काम शिकले आणि आज करते आहे, त्याची सुरुवात या कमळापासून होते. कमळाच्या गाभ्यातली न उमललेली नरफुलं काढायची, त्यांच्यापासून सुट्या पेशी मिळवायच्या आणि त्या पेशींतून केळीचं अख्खं झाड उभं करायचं.

हे सांगितलं की आमच्याकडे बहुतेक जण म्हणतात, “म्हणजे टिश्यूकल्चर ना, आम्ही तेच लावतो.” लावतात हे खरं. पण बाजारात मिळणारं रोप वेगळ्या वाटेने आलेलं असतं. तिथे पिलाच्या कंदातला वाढीचा कोंब काढून बाटलीत लावतात. माध्यमात सायटोकायनिन गटातलं संप्रेरक घातलं की त्या कोंबाला फुटवे येतात, फुटवे वेगळे करून पुन्हा लावायचे, आणि असं करत एका कोंबाची शेकडो रोपं होतात. कोंब मुळात तयारच असतो, आपण त्याची संख्या वाढवतो. खानदेशात ही पद्धत नव्वदच्या दशकात रुजली. जळगावच्या जैन इरिगेशनने ग्रँड नैन या वाणाची रोपं शेतकऱ्यांपर्यंत नेली, आणि कंद लावून बसराई-श्रीमंती हे जुने वाण पिकवणाऱ्या घरांमध्ये ‘जी-नाईन’ हा शब्द कायमचा आला. ती पद्धत चांगली आहे, स्वस्त आहे, आणि रोपं तयार करण्यापुरतं बोलायचं तर आमच्या पद्धतीची कुणाला गरज नाही.

गरज दुसऱ्याच ठिकाणी आहे. लागवडीच्या केळीला बी नसतं. ग्रँड नैनच्या पेशीत गुणसूत्रांचे तीन संच असतात, एकूण ३३. तीनची दोन सारख्या भागांत वाटणी होत नाही म्हणून बीज धरत नाही, आणि म्हणून गहू-ज्वारीसारखा संकर करून नवा वाण काढणं इथे फार अवघड. रावेरपासून चोपड्यापर्यंत तापीकाठी जेवढी ग्रँड नैन उभी आहे ती सगळी एकाच झाडाच्या प्रती म्हणायला हरकत नाही. एका झाडाला जो रोग मानवेल तो सगळ्यांनाच मानवेल. ग्रो मिशेल या जातीचं जगभर असंच झालं. पनामा मर या बुरशीजन्य रोगाने ती निर्यातीच्या बाजारातून गेली आणि १९५०-६० च्या सुमारास तिच्या जागी कॅव्हेंडिश गटातल्या केळी आल्या. ग्रँड नैन त्याच गटातली. आता त्याच बुरशीचा टीआर-४ हा प्रकार कॅव्हेंडिशलाही मारतो, आणि तो बिहारमधल्या कटिहार-पूर्णिया भागात पोचलेला आहे. आमच्याकडचं रोजचं दुखणं मात्र हरण्या. काकडीवरच्या मोझॅक विषाणूमुळे हा रोग होतो आणि तो मावा पसरवतो. पावसाळी हवा लांबली की कोवळ्या बागांत पानांवर पिवळे पट्टे दिसू लागतात आणि पोंगा सडतो. त्यावर औषध नाही. झाड उपटून पुरायचं किंवा जाळायचं. नुकता लावलेला बाग उपटताना ज्यांनी घरच्यांचे चेहरे पाहिलेत त्यांना मी वेगळं काही सांगायला नको.

रोगाला टिकणारी केळ हवी असेल तर तिच्या जनुकांत बदल व्हायला हवा. तो गॅमा किरणांनी करा, जनुक घालून करा किंवा जनुक-संपादनाने करा, बदल नेहमी एका पेशीत होतो. कोंबात हजारो पेशी असतात. त्यातली एक बदलली तरी बाकीच्या तशाच राहतात आणि झाड सरमिसळ निघतं: एका फुटव्यात बदल आहे, दुसऱ्यात नाही. झाड जर एकाच पेशीतून उगवलं असेल तर मुळापासून घडापर्यंत सगळीकडे तोच बदल असतो. ऑस्ट्रेलियात २०२४ मध्ये टीआर-४ ला टिकणाऱ्या क्यूसीएव्ही-४ या कॅव्हेंडिशला मंजुरी मिळाली. तिच्यात रानटी केळीतून घेतलेला आरजीए-२ हा जनुक आहे. मोहालीच्या राष्ट्रीय कृषी-अन्न जैवतंत्रज्ञान संस्थेत ग्रँड नैनच्या फळात बीटा-कॅरोटीन वाढवण्याचं जनुक-संपादनाचं काम झालं. असल्या कामासाठी आधी कुणीतरी केळीच्या सुट्या पेशी बाटलीत जिवंत ठेवून, त्यांचं पुन्हा झाड होतंय एवढं पक्कं करून द्यावं लागतं. मी ते करते.

कमळ कुठलंही चालत नाही. घड निसवून फण्या पुऱ्या झाल्यावर काही आठवड्यांच्या आतलं हवं आणि झाड निरोगी हवं. आम्ही झाडाची विषाणू-तपासणी आधी करून घेतो, कारण आजारी झाडाच्या पेशीतून विषाणू पुढच्या सगळ्या रोपांत जाऊ शकतो. सकाळी लवकर बागेत जायचं, झाड निवडायचं, कमळ दांड्यासकट कापायचं, ओल्या गोणपाटात गुंडाळायचं आणि ऊन चढायच्या आत प्रयोगशाळेत परतायचं. पहिल्यांदा गेले तेव्हा चिनावलकडच्या एका काकांनी मला थांबवून विचारलं, “पोरी, कमयाची भाजी व्हते हे मले ठाऊक हाये. त्याच्यातून केय कशी निंघीन?” मी शक्य तेवढं सोपं करून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “निंघली तं मले दाखवजो.” त्यानंतर त्यांच्या बागेतली कमळं आम्ही सांगेपर्यंत कुणी कापत नव्हतं.

आता कापणीचं सांगते, कारण या सगळ्या कामात माझा सर्वात आवडता भाग तोच आहे. बाहेरची जांभळी पातं एकेक करून सोलत जायचं. कमळ बोटभर उरलं की स्पिरिटने पुसून लॅमिनार फ्लोच्या आत घ्यायचं. तिथे गाळलेल्या हवेचा झोत सतत तोंडाकडे येत असतो, हातात मोजे, समोर दिवा, चिमटे आणि ब्लेड तापवून गार केलेले. आत आणखी पातं सोलली की जांभळा रंग फिका होत जातो, मग पिवळट, मग पांढरा. या आतल्या भागाला बाहेरची हवा कधी लागलेलीच नसते, त्यामुळे तो आपोआप निर्जंतुक असतो. चीक मात्र शेवटपर्यंत पाझरतो. मोज्याला चिकटतो आणि ब्लेडवर काळा पडतो. दर दोन-तीन कापांनंतर ब्लेड बदलावं लागतं, नाहीतर काप ओढला जातो आणि फूल चेंगरतं.

दोन-अडीच सेंटिमीटरचा गाभा उरला की तो सूक्ष्मदर्शकाखाली. तिथे प्रत्येक इवल्या पात्याच्या बगलेत नरफुलांची एक ओळ दिसते, बाहुलीच्या कंगव्याच्या दातांसारखी, जवळजवळ पारदर्शक. अगदी टोकाशी तर दात फुटायच्या आधीचा नुसता उंचवटा असतो. या ओळींना टोकाकडून क्रमांक देतात आणि साधारण पंधरापर्यंतच्या ओळी वापरतात. पेशी कुठल्या ओळीतून निघतील हे क्रमांकावर फार अवलंबून असतं. अगदी टोकाच्या ओळी कोवळ्या, त्या काळ्या पडून जातात. बाहेरच्या ओळी जून, त्यांच्या पेशींचं फूल होण्याचं ठरून गेलेलं असतं. मधल्या, साधारण सहाव्या ते बाराव्या ओळींतून मला सर्वात जास्त मिळालं. म्हणून प्रत्येक ओळ वेगळी उचलायची, पेट्री डिशमध्ये क्रमाने मांडायची आणि झाकणावर क्रमांक लिहायचा. हात थरथरून चालत नाही. माझ्या मॅडम सलग तासन् तास हे काम करतात, आणि आमच्या कल्चर रूममधल्या, दहावीनंतर थेट या कामाला लागलेल्या ताई त्यांच्याहूनही सफाईने करतात. मी कापणी त्या ताईंकडून शिकले.

डिशमधलं माध्यम म्हणजे मुराशिगे आणि स्कूग यांनी १९६२ मध्ये तंबाखूच्या पेशींसाठी बसवलेली क्षारांची यादी. ती आजही जगभर ‘एमएस’ म्हणून चालते. त्यात लिटरला तीस ग्रॅम साखर, थोडं बायोटिन आणि तीन ऑक्झिन, म्हणजे वाढीची संप्रेरकं: आयएए एक मिलिग्रॅम, एनएए एक मिलिग्रॅम आणि टू-फोर-डी चार मिलिग्रॅम.

टू-फोर-डी म्हटलं की खानदेशातला कपाशीवाला दचकतो, आणि त्याने दचकायलाच हवं. शेजारच्या शेतात कुणी हे तणनाशक मारलं आणि वारं फिरलं, की कपाशीची पानं अरुंद होतात, शिरा एकत्र येतात, पान लांबट ओढल्यासारखं होतं आणि पात्या गळतात. त्यावरून शेजाऱ्यांत भांडणं होतात. तेच रसायन मी बाटलीत घालते म्हटल्यावर घरी वडील किती तरी वेळ बोललेच नाहीत. पण दोन्हीकडे ते करतं एकच गोष्ट. ते झाडाच्या स्वतःच्या ऑक्झिनची नक्कल करतं, आणि झाडाला ते लवकर मोडून टाकता येत नाही. शेतात रुंद पानाच्या तणाला त्याचा मोठा डोस मिळतो, पेशी बेताल वाढू लागतात आणि तण मरतं. बाटलीत लिटरला चार मिलिग्रॅम इतक्या बारीक मात्रेत ते फुलाच्या पेशीला तिचं ठरलेलं काम सोडायला लावतं. पाकळी व्हायचं, पुंकेसर व्हायचं, हे सगळं थांबतं आणि पेशी नुसत्या विभागू लागतात.

डिश अंधारात जातात, पंचवीस-सत्तावीस अंशांवर. आणि मग वाट बघायची, तीन महिने, सहा महिने, कधी त्याहून जास्त. अधूनमधून माध्यम बदलायचं आणि बुरशी आलेल्या डिश बाहेर काढायच्या, बाकी काही नाही. बहुतेक फुलं तपकिरी होतात, मग काळी. ज्यांना हे काम नवीन आहे ते इथेच सोडून जातात, आणि मी त्यांना दोष देत नाही. आठवडाभरात निकाल देणाऱ्या कामाची सवय असलेल्या माणसाला काळ्या डिशचा ढीग बघवत नाही. त्या महिन्यांत मला हाबरलांटचा मोठा आधार वाटला. या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १९०२ मध्ये मांडलं की झाडाच्या प्रत्येक जिवंत पेशीत अख्खं झाड होण्याची क्षमता असायला हवी. त्याने पानांच्या सुट्या पेशी पोषक द्रावात ठेवल्या. त्या कित्येक आठवडे जगल्या, मोठ्याही झाल्या, पण एकही विभागली नाही. तेव्हा ऑक्झिन माहीतच नव्हतं. त्याचं म्हणणं बरोबर होतं, त्याच्याकडे फक्त ती चार मिलिग्रॅमची गोष्ट नव्हती. स्कूग आणि मिलर यांनी ऑक्झिन व सायटोकायनिन यांच्या प्रमाणावर पेशींतून मूळ निघणार की कोंब हे ठरतं असं दाखवलं ते १९५७ मध्ये. पुढच्याच वर्षी स्टुअर्डने गाजराच्या पेशी नारळाचं पाणी घातलेल्या द्रावात फिरवून गाजराचं रोप मिळवलं. आणि अगदी एकट्या पेशीपासून फुलणारं तंबाखूचं झाड १९६५ मध्ये ज्या दोघांनी उभं केलं, त्यांतले एक इंद्र वसिल, भारतीय. त्याच्या आदल्याच वर्षी दिल्ली विद्यापीठात सिप्रा गुहा आणि सतीश माहेश्वरी यांनी धोत्र्याच्या परागकोशातून भ्रूण मिळवले होते. आपल्याकडच्या बांधाबांधावर उगवणारा धोत्रा जगाच्या वनस्पतिशास्त्रात कशामुळे ओळखला जातो हे आमच्या शाळांत सांगायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

काळ्या पडलेल्या फुलांतल्या थोड्यांवर आधी पिवळे गाठाळ गोळे येतात. ते कामाचे नाहीत. कधीतरी त्या गोळ्याच्या कडेला पांढरट, भुसभुशीत, ओलसर चमक असलेला भाग दिसतो आणि त्यात सूक्ष्मदर्शकाखाली बारीक पारदर्शक मणी असतात. तोच हवा. वरवर त्याच्यासारखाच दिसणारा, पण पाणीदार आणि लोंबता असा आणखी एक प्रकार असतो. तो झपाट्याने वाढतो, बाटली भरून टाकतो आणि त्यातून काहीही उगवत नाही. दोन्हीतला फरक पुस्तकातल्या फोटोवरून कळत नाही. मॅडम मला शेजारी बसवून चिमट्याने दाखवत, “हे घे, हे सोड, हे घे.” हळूहळू नजर बसली. ग्रँड नैनमध्ये शंभर फुलांमागे अगदी मोजक्यांवरच हा पांढरा भाग येतो, त्यामुळे प्रत्येक तुकड्याला सोन्याचं मोल.

हा भाग द्रव माध्यमात टाकतात. त्यात टू-फोर-डी चारवरून एक मिलिग्रॅमवर आणलेलं असतं, शिवाय ग्लुटामिन आणि माल्टचा अर्क. फ्लास्क शेकरवर चढतो आणि मिनिटाला नव्वद-शंभर फेऱ्यांनी फिरत राहतो. फिरण्यामुळे पेशींना हवा मिळते आणि गोळे सुटे होतात. दर आठ-दहा दिवसांनी जुना द्राव काढून नवा घालायचा, मोठे गोळे चाळणीतून गाळून बाजूला करायचे. काही महिन्यांत फ्लास्कच्या तळाशी पिवळसर पांढरी, बारीक रव्यासारखी दाट साय जमते.

शेकर थांबता कामा नये. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, त्याच वेळी वीज जाते, आणि फ्लास्कमधल्या पेशी तळाशी बसून गुदमरतात. खोलीचं तापमान चढतं ते वेगळंच. म्हणून शेकरला आणि कल्चर रूमच्या एसीला वेगळा इन्व्हर्टर आहे, आणि त्याच्या बॅटरीचं पाणी तपासणं ही आमच्यापैकी एकाची रोजची नेमून दिलेली जबाबदारी. उन्हाळ्यात भुसावळकडून येताना गाडीतसुद्धा माझं लक्ष फोनवर असतं, लाईट आहे का म्हणून.

पेशी खरंच कामाच्या आहेत का हे बघायला एक थेंब काचपट्टीवर घेऊन दोन रंग लावतात, अॅसिटोकार्माइन आणि इव्हान्स ब्लू. भ्रूण होऊ शकणाऱ्या पेशी लहान, गोल, आतून भरगच्च. त्या गर्द लाल होतात. लांबट, रिकाम्या, निकामी पेशी निळ्या. पहिल्यांदा मी बघितलं तेव्हा पूर्ण दृश्यात लालच लाल होतं आणि मधून थोड्या निळ्या रेघा. मी मॅडमना बोलावलं, ताईंना बोलावलं, बाहेर लेजर लिहीत बसलेल्या काकांनाही बोलावलं. सगळ्यांनी आळीपाळीने डोळा लावून बघितलं. त्या लाल पुंजक्यांतली एकेक पेशी केळीचं झाड होऊ शकते, हे त्या दिवशी मला आतून पटलं.

आता यातलं सर्वात महत्त्वाचं पाऊल. टू-फोर-डी काढून टाकायचं. ज्याच्या जोरावर पेशी इथवर आल्या तेच राहिलं तर त्या जन्मभर नुसत्या विभागत राहतील, भ्रूण कधीच पुरा होणार नाही. पेशी धुऊन, फिल्टर पेपरवर पातळ थर पसरून, टू-फोर-डी नसलेल्या माध्यमावर ठेवायच्या. त्यात एनएए नावापुरतं आणि सायटोकायनिन थोडं. पुन्हा अंधार. तीन-चार आठवड्यांत थरावर बारीक पांढरे ठिपके उठतात, मग ते मण्यांएवढे होतात, मग एका बाजूने लांबट आणि दुधी. बीजातल्या भ्रूणाला जे टप्पे पार करावे लागतात तेच हे भ्रूण बीज नसताना, फळ नसताना, परागीभवन न होता पार करतात. एक मिलिलिटर दाट पेशींतून असे भ्रूण लाखाच्या घरात मिळू शकतात असं ग्रँड नैनवरच्या १९९६ च्या फ्रेंच संशोधनात दाखवलेलं आहे. संख्येची अडचण इथे येत नाही.

अडचण पुढे आहे. सगळे भ्रूण रोप होत नाहीत. उजेडात, नव्या माध्यमावर लावले की बरेचसे फुगून तसेच बसतात. काहींना फक्त मूळ फुटतं आणि कोंब नाहीच. थोडेच टोकाला हिरवे होतात, आणि एकदा हिरवा कोंब बाहेर आला की मात्र ते रोप कोंबापासून केलेल्या रोपाइतकंच जोमाने वाढतं. भ्रूण पक्व व्हायला पुरेसा वेळ दिला, घाईने उजेडात आणले नाहीत, तर हिरव्यांचं प्रमाण वाढतं हे मी स्वतः वारंवार पाहिलं आहे. या टप्प्यावर माझं ठाम मत झालंय की आपल्याकडच्या प्रयोगशाळांनी नवीन माध्यमं शोधण्यापेक्षा भ्रूण पिकवण्याच्या या मधल्या काळाकडे जास्त लक्ष द्यावं.

याच कारणाने कपाशीचीही एक गोष्ट इथे सांगण्याजोगी आहे. कपाशीच्या बहुतेक वाणांच्या पेशी झाड व्हायला तयारच होत नाहीत. अमेरिकेतला कोकर ३१२ हा जुना वाण मात्र होतो. म्हणून बोंडअळीविरुद्धचा बीटी जनुक आधी कोकर ३१२ च्या पेशीत घातला गेला, त्या पेशीतून झाड उगवलं, आणि मग साध्या संकराने तो जनुक आपल्याकडच्या वाणांत आणला. २००२ मध्ये भारतात मंजुरी मिळालेलं बीटी वाण याच वाटेने आलं. खानदेशातल्या काळ्या मातीत उभ्या असलेल्या बीटी कपाशीच्या मुळाशी असं कुणाच्यातरी बाटलीत पेशीतून उगवलेलं एक रोप आहे.

हार्डनिंगबद्दल, म्हणजे बाटलीतलं रोप बाहेरच्या हवेला सरावण्याबद्दल, फार सांगत नाही, ते बाजारातल्या टिश्यूकल्चर रोपांसारखंच असतं. बाटलीतल्या पानावर मेणाचा थर नसतो, पर्णरंध्रं मिटत नाहीत, त्यामुळे बाहेर काढल्यावर रोप तासाभरात मान टाकतं. कोकोपीट, पॉलीटनेल, धुकं, मग शेडनेटमध्ये पिशवीत. आमच्या उन्हात एप्रिल-मे टाळलेलाच बरा. मृग लागेपर्यंत रोपं शेडनेटखाली राहिली की पुढे त्रास होत नाही.

पहिली रोपं आम्ही मृगबागेत लावली. ओळी अशा आखल्या होत्या की एक ओळ आमच्या पेशींपासूनच्या रोपांची, एक कोंबापासून केलेल्या टिश्यूकल्चरची आणि एक कंदाची. पाच बाय पाच फुटांवर, ठिबकवर, खत-पाणी सगळ्यांना सारखं. मधल्या काळात पानांचे नमुने घेऊन डीएनए मार्करने आईच्या झाडाशी ताडून पाहिले. चिनावलचे काका निसवण सुरू झाल्यावर मुलाला घेऊन आले. ओळीतून फिरले, खोडाला हात लावून पाहिला, फण्या मोजल्या, दोन झाडांच्या घडाखाली उभं राहून वर बघत राहिले. मग म्हणाले, “हे तं आपलीच केय हाये व पोरी.” मला तेच ऐकायचं होतं. बहुतेक झाडं आपली केळ होती. उंची, घड, फण्या, शेजारच्या ओळींशी जुळत होत्या.

मी बहुतेक म्हणाले, सगळी नाही. थोडी झाडं बुटकी निघाली, पानं जाड आणि दाटीने आलेली. पेशींतून उगवलेल्या केळीत हा दोष ओळखीचा आहे. पेशी जितक्या जास्त काळ द्रावात विभागत राहतील तितका तो वाढतो. आमच्या बुटक्या झाडांपैकी जवळजवळ सगळी सर्वात जुन्या फ्लास्कमधून आलेली होती. म्हणून आता नवा फ्लास्क तयार झाला की त्यातल्या पेशींचा काही भाग लगेच उणे १९६ अंशांवर द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवतो. तिथे विभाजन पूर्ण थांबतं आणि हव्या तेव्हा तरुण पेशी परत मिळतात. शेकरवर ठरावीक महिन्यांपलीकडे कुठलाही फ्लास्क ठेवत नाही. आणि जो कुणी पेशींपासूनची रोपं शेतकऱ्याला विकायला निघेल त्याच्यावर कोंबाच्या रोपांहून कडक तपासणी असायला हवी, असं माझं स्पष्ट म्हणणं आहे. टिश्यूकल्चर रोपांच्या प्रमाणीकरणाची राष्ट्रीय व्यवस्था आपल्याकडे २००६ पासून आहे आणि तिच्यात विषाणू-तपासणी आणि रोपांचा सारखेपणा दोन्ही बघतात. शेतकऱ्याने रोपं घेताना त्या लेबलची मागणी करावी. पाच रुपये वाचवायला बिनलेबलची रोपं घेऊन वर्षभराचं पीक जोखमीला लावू नये.

काकांच्या मुलाने निघताना विचारलं, “ताई, या झाडांना हरण्या येणार नाही ना?” मी सरळ सांगितलं, येईल. ही ग्रँड नैनच आहे, ग्रँड नैनला जे होतं ते हिला होणार. यात अजून काहीच बदललेलं नाही. आत्तापर्यंत एवढंच सिद्ध झालंय की इथल्या बागेतल्या कमळातून, इथल्या उन्हाळ्यात आणि इथल्या विजेवर, पेशीतून केळ उभी राहते आणि घड धरते.

आता शेकरवरच्या पेशींवर गॅमा किरणांची मात्रा ठरवायचं काम चालू आहे. आधी वेगवेगळ्या मात्रा देऊन साधारण निम्म्या पेशी कशाने मरतात ते काढायचं, मग त्या मात्रेच्या आसपास मोठ्या संख्येने पेशी सोडायच्या आणि वाचलेल्यांतून भ्रूण घ्यायचे. उगवलेल्या प्रत्येक रोपाला हरण्याची लागण मुद्दाम करून बघावी लागेल, तीही मावा आतबाहेर जाणार नाही अशा बारीक जाळीच्या घरात आणि केळीच्या बागांपासून लांब. त्यासाठी पारोळ्याकडची एक जागा पाहून ठेवली आहे, तिथे आजूबाजूला केळी नाही. जाळीघराचं काम पावसाळ्याआधी पुरं झालं तर पहिली तुकडी याच वर्षी तिथे जाईल.